सुट्टीचं पुस्तक सुट्टीच्या आधी उघडा

«ताई, मी बेचाळीस वर्षांची. मुलुंडला राहते, फोर्टमध्ये बँकेत नोकरी करते. कॉलेजात असताना अधाशासारखी वाचायचे, आता फोनखेरीज काही हातात टिकत नाही. दर मे महिन्यात आम्ही आठवडाभर गुहागरजवळ सासरी जातो. दर वर्षी चार-चार पुस्तकं नेते आणि तशीच परत आणते. गेल्या वर्षी सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी नेली होती, साठाव्या पानापुढे गेले नाही. मिस्टर म्हणतात, तू पुस्तकांना हवापालट करून आणतेस. या वर्षी एकच पुस्तक न्यायचं ठरवलंय. कोणतं नेऊ? मुलगा बारा वर्षांचा आहे, त्यालाही काही सुचवा. आणि खरं सांगा, माझं वाचन सुटलं का हो?»
— एक बँकवाली, मुलुंड

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय असं मला वाटलं. नाही, तुमचं वाचन सुटलेलं नाही. ज्याचं खरोखर सुटलं, त्याला बॅग भरताना पुस्तकांची आठवणही होत नाही. तुम्ही मात्र वर्षानुवर्षं कपड्यांची जागा कमी करून पुस्तकं कोंबताय. ही ओढ शाबूत आहे. चुकतंय ते दुसरीकडेच.

सासरचा आठवडा कसा जातो हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मे महिन्यातलं कोकणातलं घर मला ठाऊक आहे. मुंबई-पुण्याहून सगळे चाकरमानी आलेले. सकाळी घावन-चटणीच्या दोन पंगती उठेपर्यंत दहा वाजतात. तेवढ्यात कुणीतरी फणस फोडायला घेतो, मग हाताला तेल लावून गरे काढत बसायचं. आंब्याचा रस आटवायचा, पोळ्या उन्हात घालायच्या, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. जेवायला दोन वाजतात, चारला चहा, संध्याकाळी मुलं समुद्रावर न्या म्हणून मागे लागतात, एखाद्या दिवशी व्याडेश्वराला जायचं असतं. आणि तुम्ही त्या घरच्या सून आहात. ओटीवर पुस्तक उघडून बसलेल्या जावयाला कुणी हाक मारत नाही, सुनेला मारतात.

अशा घरात सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी वाचून होणार कशी? तिला रोज दोन-अडीच तासांची सलग बैठक लागते. सरदार, त्यांचे मेहुणे, वकील, कारस्थानं, किल्ले. एक दिवस खंड पडला की कोण कुणाच्या बाजूचा होता ते आठवत नाही आणि मागची पानं चाळावी लागतात. दोनदा-तीनदा असं मागे जावं लागलं की कुणीही पुस्तक मिटून ठेवील. त्या घरात साठ पानं झाली हे मला कमी वाटत नाही.

म्हणून «चांगलं पुस्तक कोणतं» याच्या आधी «मला वाचायला वेळ कधी आणि कसा मिळणार» हे ठरवा. अगदी कागदावर लिहून काढा. तुम्ही मुलुंडच्या, म्हणजे मांडवी किंवा तशीच एखादी दिवसाची गाडी ठाण्याला पकडून चिपळूणला उतरत असाल. हे चार-पाच तास पक्के तुमचे. रोह्यापुढे फोनची रेंज येऊन-जाऊन असते, खेडच्या आसपास बोगद्यांत ती साफ जाते, त्यामुळे फोन आपोआप बाजूला पडतो. चिपळूण ते गुहागर मात्र पुस्तक उघडू नका. त्या वळणांवर मान खाली घातली की मळमळतं. घरी पोचल्यावर दुपारी तीन ते चार, म्हणजे जेवणं आटोपून घर आडवं झालेलं असताना एक तास. आणि पहाटे लवकर जाग येत असेल तर चहाआधीचा अर्धा तास. रात्र मोजूच नका. मे महिन्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि दिवा असला तरी त्याच्याभोवती किडे जमतात.

एवढाच वेळ, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी. त्यात बसेल असं पुस्तक म्हणजे ज्याचं प्रत्येक प्रकरण आपल्या पायावर उभं आहे, ज्यात माणसांची गर्दी नाही, आणि असली तरी ती माणसं पहिल्या भेटीतच ओळखीची होतात. जाडी किती हा प्रश्न दुय्यम आहे. चारशे पानांचं प्रकरणवार पुस्तक अशा घरात होऊन जातं आणि दीडशे पानांची गुंतागुंतीची कादंबरी अडकून पडते.

आता मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. पुस्तक गावाला जाऊन सुरू करू नका. निघायच्या आदल्या आठवड्यात इथे, मुंबईत सुरू करा.

कोणत्याही पुस्तकाची पहिली तीस-चाळीस पानं वाचकाकडून सगळ्यात जास्त मेहनत घेतात. कोण कुणाचा कोण, कुठलं गाव, कुठला काळ, लेखकाची बोलण्याची ढब कशी, हे सगळं मनात बसायला तेवढी पानं जातात. गावाला पोचल्यावर तुमचं मन आधीच दुसऱ्या कामात असतं: कोण कुठे झोपणार, कुणाला काय खायचं नाही, कुणाशी काय बोलायचं नाही. त्यात नव्या पुस्तकाची नवी माणसं घरात घ्यायची म्हणजे पाहुण्यांत आणखी पाहुणे. तेच पुस्तक चाळीस पानं झालेलं असलं तर दुपारी तीनला उघडल्यावर ते तुम्हाला ओळखतं आणि तुम्ही त्याला.

तुमच्याकडे तर त्यासाठी आयती सोय आहे. मुलुंड ते सीएसएमटी जवळजवळ एक तास, तेवढाच परत येताना. जाताना उभ्यानं वाचणं जमणार नाही हे मी जाणते, गर्दीच्या वेळी पुस्तक उघडायला हात मोकळा कुठे असतो? पण संध्याकाळी सीएसएमटीहून गाडी सुटते, तिथे एखादी सोडून पुढची घेतली तर बसायला मिळतं. चार-पाच संध्याकाळी रोज दहा पानं, एवढंच. आणि हीच पुस्तकाची परीक्षा. गुरुवारपर्यंत हात आपोआप पर्समधल्या पुस्तकाकडे गेला तर ते गुहागरला जाणार. गुरुवारीसुद्धा «अरे, वाचायचं राहिलंय» असं कर्तव्य म्हणून आठवत असेल, तर ते कितीही थोर असलं तरी घरी ठेवा आणि दुसरं घ्या. शुक्रवार-शनिवार हातात आहेत.

पुस्तक निवडण्याआधी एक काम करा, आणि ते टाळू नका: डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं वाचायला त्रास व्हायला लागतो, पण तो इतका हळू वाढतो की पुष्कळांना कळतच नाही. फोनवरचं अक्षर आपण बोटांनी मोठं करतो, म्हणून फोन चालतो. छापील पान दहा मिनिटांत जड वाटायला लागतं, डोकं दुखतं, झोप येते. मग माणूस म्हणतो, माझं वाचन सुटलं. खरी गोष्ट एवढीच असते की चष्मा लागलेला असतो. माझ्या ओळखीत असं वाचन «सुटलेल्या» बायका आहेत आणि चष्मा आल्यावर त्या पुन्हा वाचायला लागल्या आहेत. तुमच्या बाबतीत हे असेलच असं नाही, पण शंका फिटेल.

आता पुस्तक. तुम्ही एकच मागितलंय, तर मी एकच सांगते: लक्ष्मीबाई टिळकांचं «स्मृतिचित्रे».

तुम्ही शाळेत त्यातला एखादा उतारा वाचला असेल आणि तेवढ्यावर «वाचलंय» असं म्हणाल. कृपा करून पूर्ण वाचा. लक्ष्मीबाई 1868 साली जन्मल्या, शाळेत गेल्याच नाहीत, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या. नवरा कवी, विद्वान, हातात पैसा न टिकणारा, घरातून कधी निघून जाईल याचा भरवसा नसलेला. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा या बाईवर काय कोसळलं, नातेवाइकांनी काय केलं, पाच वर्षांनी तिनंही तीच वाट कशी धरली, हे सगळं ती अशा सुरात सांगते की आपण एकाच पानावर हसतो आणि गप्प होतो. ही आत्मकथा 1934 पासून भागाभागांनी पुस्तकरूपात आली. जवळजवळ नव्वद वर्षं झाली तरी तिची भाषा जुनी वाटत नाही, कारण ती बोलण्याची भाषा आहे. वाक्यं छोटी, सरळ. कुठेही आव नाही.

मी ते तुमच्यासाठी निवडलं याचं कारण त्याची थोरवी नाही. ते तुमच्या आठवड्यात बसतं. प्रसंगामागून प्रसंग येतात, प्रत्येक प्रसंग चार-सहा पानांत पुरा होतो. मधे हाक आली, उठावं लागलं, दोन दिवसांनी पुन्हा उघडलं तरी धागा लगेच सापडतो. आणि दुसरं, त्या पुस्तकात घर आहे. सोवळ्याचं खूळ डोक्यात घेतलेले वडील आहेत, सासर आहे, पाहुण्यांनी भरलेली घरं, रिकामे डबे, न विचारता आलेली जबाबदारी. दहा माणसांचं जेवण आटोपून पडवीत टेकलेल्या बाईला हे पुस्तक परकं वाटणार नाही. संक्षिप्त आवृत्तीही निघालेली आहे, पण ती घेऊ नका. लक्ष्मीबाईंची गंमत त्यांच्या फापटपसाऱ्यात आहे, तोच कापला तर घटना तेवढ्या उरतात.

समजा गुरुवारच्या परीक्षेत लक्ष्मीबाई उतरल्या नाहीत. तसंही होऊ शकतं, त्यात अपराध नाही. मग व्यंकटेश माडगूळकरांची «बनगरवाडी» न्या. 1955 ची कादंबरी, अगदी लहानशी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक कोवळा तरुण शाळामास्तर म्हणून येतो, तिथून सुरुवात. मेंढरं, माळ, मोजकं बोलणारी माणसं आणि पाऊस न पडणं. नारळी-पोफळीच्या सावलीत बसून माणदेशचा दुष्काळ वाचताना आपल्याच महाराष्ट्राचा केवढा भाग आपण पाहिलेला नाही हे जाणवतं. दोन-तीन दुपारींत होईल, आणि पुष्कळ वर्षांनी एक पुस्तक पुरं केल्याचा आनंद मिळेल. तुम्हाला आत्ता त्या आनंदाची गरज आहे, म्हणून लहान पुस्तक नेण्यात कमीपणा मानू नका.

कोणती नकोत तेही सांगते. लोक कौतुक करतात म्हणून घेतलेलं नको. «वाचायलाच हवं» म्हणून दोन वर्षं कपाटातून डोळे वटारत असलेलं तर मुळीच नको. सुट्टी ही थकबाकी भरायची जागा नव्हे. नोकरीत प्रगती कशी करावी, वेळेचं नियोजन कसं करावं असली पुस्तकं बँकेच्या दिवसांत वाचा, हवं तर. आणि विश्राम बेडेकरांची «रणांगण» सुद्धा या वेळी नको, हे मी जड मनानं लिहितेय, कारण 1939 ची ही छोटी कादंबरी मला फार प्रिय आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तीवरचा एक मराठी तरुण आणि जर्मनीतून हाकललेली एक ज्यू तरुणी. एका दिवसात वाचून होते. पण ती संपल्यावर माणसाला थोडा वेळ कुणाशीच बोलावंसं वाटत नाही, आणि तुमच्या सासरी त्याच वेळी कुणीतरी विचारणार, कोकम सरबत किती जणांना? पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, मिस्टर आणि मुलगा बाहेर गेलेले असताना ती वाचा.

एक मोह आणखी होतो: कोकणात जायचं तर कोकणातलं पुस्तक न्यायचं. एकट्यानं वाचायला मी हा नियम करणार नाही. समोर खरं अंगण, खरी विहीर असताना कागदावरची विहीर फिकी पडते. पण मोठ्यानं वाचायला कोकणातलंच न्या. जयवंत दळवींचं «सारे प्रवासी घडीचे» हे गावातल्या माणसांचं पुस्तक आहे, एकेक नग असा की ऐकणारा मधेच म्हणतो, अरे हा तर आपला अमका! दळवींचा मुलूख वेंगुर्ल्याकडचा, तुमचा गुहागरचा. बोली वेगळी, पण माणसं ओळखीची निघतील. रात्री जेवणानंतर वीज असली तर एक प्रकरण ओटीवर वाचा. सासूबाई-सासरे ऐकतील आणि मग त्यांच्या आठवणी निघतील. त्यानंतर दुपारी तुम्ही पुस्तक घेऊन बसलात तर घरातल्यांच्या नजरेत ते पुस्तक परकं राहत नाही. हे मोठं काम होतं.

मुलाचं. बारा वर्षांच्या मुलाला «वाच» म्हणून पुस्तक हातात दिलं की ते तिथेच राहतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या, फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला, स्वस्थ न बसणारा पोरगा. पुस्तकं लहान आहेत, पळापळ भरपूर आहे. पण पहिलं प्रकरण गाडीत तुम्ही वाचून दाखवा, बारा वर्षांचा असला तरी. ऐन मोक्याच्या जागी थांबा आणि «आता मी माझं वाचते» म्हणून आपलं पुस्तक उघडा. पुढचं त्याच्यावर सोडा. त्यानं नाहीच वाचलं आणि आठवडाभर विहिरीत पोहला, तर ती सुट्टी वाया गेली असं मानू नका.

सासऱ्यांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी घरातले गेल्या वर्षीचे दोन-तीन दिवाळी अंक टाका बॅगेत. 1909 मध्ये का. र. मित्रांनी «मनोरंजन»चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत ही चैन आहे, आणि आपण ती नोव्हेंबरात अर्धवट चाळून रद्दीत घालतो. मे महिन्यात ते अंक नव्यासारखे वाचता येतात. कथा, लेख, व्यंगचित्रं, ज्याला जे हवं ते. येताना तिथेच ठेवून या.

पुस्तक मिळवायचं कुठून? माझा कल वाचनालयाकडे. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय आहे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून वाचकांना पुस्तकं देतंय. परत करायची तारीख असली की वाचन थोडं नेटानं होतं, विकतचं पुस्तक «नंतर वाचू» म्हणून कपाटात जातं. पण उन्हापावसाची, आंब्याच्या रसाची भीती वाटत असेल तर विकत घ्या. येता-जाता दादरला उतरून पश्चिमेला छबिलदासच्या गल्लीत आयडियल या पुस्तकांच्या दुकानात अर्धा तास काढा. मागच्या कव्हरावरचं कौतुक वाचू नका. पहिलं पानही नको. पहिल्या पानावर प्रत्येकानं मेहनत घेतलेली असते. मधलं कुठलंही पान उघडा आणि उभ्यानंच दोन पानं वाचा. अक्षर दुकानातल्या दिव्यात बारीक वाटलं तर दुपारच्या पडवीतही बारीकच वाटेल. बांधणी एका हातानं उघडी धरता येते का तेही बघा. दुसरा हात तुम्हाला रिकामा मिळेलच असं नाही.

राहता राहिला तो दुपारचा तास. तो आपोआप मिळणार नाही, मागावा लागेल, आणि तोही पहिल्याच दिवशी. निघण्याआधी मिस्टरांना सांगा की तीन ते चार मी वाचणार आहे आणि चारचा चहा तुम्ही टाकायचाय. त्यांनी हवापालटाची थट्टा केली तर करू द्या, पण चहाचं नक्की करून घ्या. सासूबाईंनाही तुम्हीच सांगा, मिस्टरांमार्फत नको. पुस्तक दाखवा, कुणाचं आहे ते सांगा. पुष्कळ सासवांना वाचायची आवड असते आणि तो तास त्यांनाही कधी मिळालेला नसतो. त्यांनी मागितलं तर पुस्तक त्यांना द्या आणि तुम्ही दिवाळी अंक घ्या, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. फोन त्या तासापुरता माजघरात चार्जिंगला लावून ठेवा. खिशात असला तर तो जिंकतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

पुस्तक मोठ्या बॅगेत घालू नका, ती सीटखाली गेली की चिपळूणपर्यंत बाहेर येत नाही. खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, डब्यापासून लांब, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. आणि आठवड्यात पुरं नाही झालं तर वाचनालयाकडून मुदत वाढवून घ्या. जूनमध्ये लोकल आहेच.